तुमच्या खिडकीचा किरणोत्सव

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी असे हे दिवस धरतात. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात, मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. आकाशात ढग असले, हवेत धूळ किंवा दमटपणा फार असला किंवा किरणांच्या वाटेवर एखादे बांधकाम उंचावले, तर किरण मूर्तीपर्यंत पोचत नाहीत.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने एकमेकांपासून एवढे दूर आहेत. मग दोन्ही वेळी किरण त्याच वाटेने कसे येतात? उत्तर सोपे आहे. सूर्य आकाशात उत्तर-दक्षिण सरकत असतो. तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, याला सूर्याची क्रांती म्हणतात. १० नोव्हेंबरला सूर्याची क्रांती दक्षिणेकडे सुमारे १७ अंश असते. तो आणखी दक्षिणेला जातो, २१-२२ डिसेंबरला साडेतेवीस अंशांवर थांबतो आणि परत फिरतो. १ फेब्रुवारीला तो पुन्हा दक्षिणेकडे १७ अंशांवरच आलेला असतो. २१ डिसेंबरच्या आधीचे ४१ दिवस आणि नंतरचे ४२ दिवस, असा हा हिशेब आहे. या दोन्ही दिवसांत कोल्हापूरला सूर्य बरोबर पश्चिमेला न मावळता सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो. दारे, मंडप आणि मूर्ती यांची रेघ त्या दिशेशी जुळली की किरणोत्सव होतो.

आता घरातल्या खिडकीकडे पाहू. तिलाही असेच पंचांग आहे. वर्षातल्या ठराविक महिन्यांत, दिवसाच्या ठराविक तासांना तिच्यातून ऊन आत येते, इतर वेळी येत नाही. मात्र घराला पडदे घ्यायचे ठरले की आपण थेट दुकानात जातो, भिंतीच्या रंगाला शोभेलसे कापड निवडतो, आणि सगळ्या खिडक्यांना एकच पडदा लावून मोकळे होतो. एप्रिल उजाडला की पश्चिमेची खोली तापते, पडदा ओढूनही तापते, आणि मग कूलर किंवा वातानुकूलन यंत्राच्या किमतीची चौकशी सुरू होते. खिडकीचे पंचांग आधी वाचले, तर यातला बराच खर्च वाचू शकतो. ते वाचायला शाळेतली भूमिती आणि थोडे भौतिकशास्त्र पुरते.

कोणत्या खिडकीला केव्हा ऊन?

कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहे. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती उंच असतो, म्हणजे त्याचा उन्नतांश किती, हे काढायला ९० मधून अक्षांश वजा करा आणि सूर्याची क्रांती मिळवा. क्रांती दक्षिणेकडे असेल तर ती वजा धरा. २१ डिसेंबरला हा कोन सुमारे ५० अंश येतो. २१ मार्चला तो ७३ अंश असतो. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तो कोल्हापूरचा शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. (ही भर दुपार घड्याळातल्या बाराला होत नाही. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि कोल्हापूर ७४.२ अंशांवर आहे, म्हणून येथली भर दुपार ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पावणेएकच्या दरम्यान येते.)

दक्षिणेची खिडकी घेऊ. समजा, ती १२० सें.मी. उंच आहे आणि तिच्या माथ्यालगतच ४५ सें.मी., म्हणजे दीड फुटाचा छज्जा आहे. सूर्य भिंतीच्या समोर असताना छज्जाची सावली किती खाली पडेल, याचे सूत्र असे आहे :

सावली = छज्जाची रुंदी × टॅन (उन्नतांश)

डिसेंबरमध्ये टॅन ५० म्हणजे १.१९, म्हणून सावली सुमारे ५४ सें.मी. पडेल. खिडकीच्या खालच्या अर्ध्याहून अधिक भागातून ऊन आत येईल. थंडीत ते हवेसेच असते. २१ मार्चला टॅन ७३ म्हणजे ३.३, सावली जवळजवळ १५० सें.मी., म्हणजे पूर्ण खिडकी झाकली गेली. पुढे कडक उन्हाळ्यात तर सूर्य आणखी वर सरकतो. थोडक्यात, दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जा असेल, तर उन्हासाठी जाड पडद्याची गरजच नाही. थंडीत ऊन आत घ्यावे, उन्हाळ्यात सूर्य आपणहून छज्जाआड जातो.

आता पश्चिमेची खिडकी. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता कोल्हापूरला सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला आणि क्षितिजापासून फक्त २५ अंश वर असतो. टॅन २५ म्हणजे ०.४७. तीच १२० सें.मी.ची खिडकी पूर्ण झाकायला छज्जा किती हवा? १२० भागिले ०.४७, म्हणजे सुमारे २५५ सें.मी. साडेआठ फुटी छज्जा घराला कोण काढणार? म्हणून पश्चिमेच्या उन्हावर छज्जा हा उपाय नव्हे. तेथे खिडकीसमोर काहीतरी उभेच यायला हवे : चीक, झडप, वेल, झाड किंवा पडदा.

पूर्वेच्या खिडकीची भूमिती पश्चिमेसारखीच, पण परिस्थिती वेगळी. सकाळी हवा गार असते, रात्रभर निवलेल्या भिंती गार असतात, त्यामुळे तेवढेच ऊन कमी जाणवते. पश्चिमेचे ऊन मात्र आधीच दिवसभर तापलेल्या घरात शिरते. उत्तरेच्या खिडकीला मे ते जुलैत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते, एरवी तिच्यातून शांत, सावलीचा उजेड येतो. वाचन-लेखनासाठी हाच उजेड उत्तम.

काच उष्णतेला पकडते कशी?

पश्चिमेच्या एका खिडकीतून किती उष्णता येते, याचा ढोबळ हिशेब करू. खिडकी चार फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावर दर चौरस मीटरला साधारण ५०० वॉट ऊन पडते असे धरा. एकूण ७५० वॉट. साधी काच यातले सुमारे ८० टक्के आत सोडते, म्हणजे ६०० वॉट. शांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे या एका उघड्या खिडकीने खोलीत सहा माणसांएवढी उष्णता आणली. अडीच तास हे चालले, तर दीड युनिट उष्णता झाली. ७५ वॉटचा पंखा एवढी वीज वीस तासांत घेतो. पंखा ही उष्णता बाहेर काढत नाही, नुसती फिरवतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

ही उष्णता आत आली, तशी बाहेर का जात नाही? सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. इतक्या तप्त वस्तूकडून येणारी प्रारणे आखूड तरंगलांबीची असतात. त्यांतला काही भाग आपल्याला उजेड म्हणून दिसतो, आणि जवळजवळ तेवढाच भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. काच या दोन्हींना वाट देते. आत आल्यावर फरशी, खुर्ची, पडदा ती शोषून घेतात व तापतात. पण या वस्तूंचे तापमान तीस-चाळीस अंशांचे. त्या जी प्रारणे टाकतात त्यांची तरंगलांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे वीसपट असते. या लांब तरंगांना काच अपारदर्शक आहे. काच म्हणजे येणाऱ्याला उघडे आणि जाणाऱ्याला बंद असे दार झाले.

पडदा आत की बाहेर?

एवढे समजले की मुख्य प्रश्नाचे उत्तर मिळते. ऊन काचेच्या आत आल्यावर ते पडद्याने अडवले, तरी पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काच व पडदा यांच्यामधली हवा तापून वर चढते, पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीत येते, खालून गार हवा आत ओढली जाते, आणि हे चक्र संध्याकाळभर चालते. हात घालून पहा, पडद्याच्या माथ्याशी हवा गरम लागेल. उलट, ऊन काचेच्या बाहेरच अडवले, तर अडवणारी वस्तू तापेल, पण तिची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जाईल.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेले आकडे हेच सांगतात. पांढऱ्या प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या मध्यम रंगाच्या पडद्यांनी आत येणारी उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होते. आतून लावलेल्या, चांगला परावर्तक पृष्ठभाग असलेल्या पट्ट्यांच्या पडद्यांनी, ते पूर्ण बंद असताना, सुमारे ४५ टक्क्यांनी. पण खिडकीबाहेरच्या कापडी छत्रीने पश्चिमेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. आकडे तिकडच्या घरांचे आहेत, आपल्याकडे ते थोडे बदलतील. क्रम बदलणार नाही.

आपल्या आजी-पणजीच्या घरांत काय होते, ते आठवा. वाड्याच्या जाड भिंतीत खोल बसवलेल्या खिडक्या, त्यांना लाकडी दारे किंवा तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, ओसरीला बांबूच्या चिका, उन्हाळ्यात पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू ऊन खोलीच्या बाहेर अडवते. वाळ्याचा पडदा त्यापुढे जाऊन बाष्पीभवनाने हवाही गार करतो. कोल्हापूरचा एप्रिल कोरडा असतो आणि तेव्हा दुपारचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असते, म्हणून येथे हा उपाय लागू पडतो. जूननंतरच्या दमट हवेत तो निरुपयोगी.

बांबूची चीक आजही स्वस्त आणि सोयीची आहे. ती खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतर सोडून टांगावी, म्हणजे मधून वारा खेळतो. दुपारी तीनला सोडायची, सूर्य मावळला की गुंडाळायची. खालची कड दोरीने गजांना बांधावी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात ती फडफडून तुटते. पावसाळ्यात आपल्याकडे वाऱ्याचा जोर पश्चिमेकडून असतो, म्हणून पश्चिमेच्या खिडकीवरचे टिकाऊ झडप ऊन आणि पावसाचे झोत दोन्ही अडवते. खिडकीसमोर जमीन असेल तर मांडव घालून वेल चढवावा. पाने बाष्पोच्छ्वासाने स्वतःला गार ठेवतात, त्यामुळे वेल हा न तापणारा पडदा आहे.

कापड कोणते, रंग कोणता?

भाड्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर बाहेर काही लावता येत नाही. तेथे आतला पडदाच वापरायचा. पण त्यातही निवड आहे. आतल्या पडद्याला एकच संधी असते : आलेले ऊन उष्णता होण्यापूर्वीच काचेतून परत पाठवणे. परावर्तित ऊन आखूड तरंगांचेच असते, त्यामुळे काच त्याला परत जाऊ देते. म्हणून काचेकडची बाजू पांढरी हवी. गडद निळा किंवा मरून पडदा खोली अंधारी करतो आणि आपल्याला गार वाटते, पण तो ऊन शोषून स्वतः शेगडीसारखा तापतो. गडद रंग आवडत असेल तर तो खोलीच्या बाजूला असू द्यावा आणि मागे पांढरे अस्तर शिवून घ्यावे. अस्तराने दुसराही फायदा होतो : उन्हातल्या जंबुपार किरणांनी कापडाचा रंग विटतो, आणि त्यांतले बरेचसे काचेतून येतात. ते अस्तर झेलते, वरचे कापड टिकते.

अस्तराला महाग कापड लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालू केला, आणि आज ते गाव देशातले सुती कापडाचे मोठे केंद्र आहे. साधे धुवट मांजरपाट अस्तराला उत्तम. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद असावा, वर छताजवळ किंवा पेटीत बसवलेला आणि खाली जमिनीपर्यंत लांब असावा. वरची फट बुजली की गरम हवेचे चक्र मंदावते.

पडदा शोभेसाठीही असतो, आणि त्यात काही गैर नाही. पातळ पांढरा सुती पडदा तिरीप विखरून टाकतो. डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि उजेड खोलीत दूरवर सारखा पसरतो. दक्षिणेला व उत्तरेला असा पातळ पडदा पुरतो, जाड पडद्याचे पैसे पश्चिमेसाठी राखून ठेवावेत. सगळ्या खोल्या एकसारख्या दिसाव्यात असे वाटत असेल, तर वरचे कापड एकच ठेवून अस्तर फक्त पश्चिमेला लावावे.

वाऱ्याची वाट

येथे एक धोका आहे. पडदा ऊन अडवतो, तसा वाराही अडवतो. हल्लीच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या एका वेळी अर्ध्याच उघडतात. जुन्या दोन पाखांच्या लाकडी खिडक्या पूर्ण उघडायच्या. उघड्या अर्ध्यावरही जाड पडदा आला, तर खोली कोंडते.

शाळेच्या वर्गात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. चाळीस मुले वर्गात बसली आहेत आणि प्रत्येकाची उष्णता ७५ वॉट धरली, तर ३,००० वॉट झाले. म्हणजे आपल्या हिशेबातल्या पाच पश्चिमेच्या खिडक्यांएवढी उष्णता वर्गात मुलांचीच असते. ती आणि त्यांच्या श्वासातली वाफ बाहेर न्यायला वारा हवाच. म्हणून वर्गाला जाड पडदे लावून खिडक्या बंद करणे हा उलटा उपाय होईल. वर्गासाठी बाहेरची चीक, तिरप्या पट्ट्यांची झडप किंवा व्हरांडा हेच योग्य. ऊन अडते आणि वाऱ्याची वाट मोकळी राहते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असतात. पश्चिमेच्या ओळीत उन्हात बसलेल्या मुलाची उत्तरपत्रिका आणि सावलीतल्या मुलाची उत्तरपत्रिका आपण एकाच मापाने तपासतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

घरी रात्रीचा नियम वेगळा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री हवा बरीच निवते. सूर्य मावळताच सगळे पडदे बाजूला सारून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि भिंतींना रात्रभर गार होऊ द्यावे. सकाळी बाहेरची हवा तापू लागली की ऊन येणाऱ्या खिडक्या झाकाव्यात. पडदा दिवसभर एकाच जागी लटकत ठेवला, तर त्याचे निम्मे काम वाया जाते.

आणखी एक खुलासा. सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी पैसे आधी छपरावर खर्च करावेत. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून सर्वाधिक ऊन छपरावर पडते. गच्चीला पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरशांचे तुकडे लावल्यावरच पडद्याचा परिणाम नीट जाणवेल.

वर्गात करून पहा

सारख्या मापाची चार पुठ्ठ्याची खोकी घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला चौकोनी खिडकी कापून तिला काच चिकटवा. काचेच्या कडांना आधी चिकटपट्टी लावून घ्या. काचेऐवजी पॉलिथीन वापरू नका, कारण ते लांब तरंगांनाही वाट देते. पहिले खोके तसेच ठेवा. दुसऱ्यात काचेच्या आत काळा कागद, तिसऱ्यात काचेच्या आत पांढरा कागद, आणि चौथ्यात पांढरा कागद काचेच्या बाहेर दोन बोटांचे अंतर सोडून लावा. प्रत्येकात तापमापक असा ठेवा की त्याच्या फुग्यावर थेट ऊन पडणार नाही. नाहीतर आपण हवेचे नव्हे, तापलेल्या फुग्याचे तापमान मोजू. चारही खिडक्या उन्हाकडे करून दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्या. मुलांकडून आधी क्रम लिहून घ्या आणि मग आलेख काढायला सांगा. अंदाज कोठे चुकला याची चर्चा हाच या प्रयोगाचा गाभा आहे.

दुसरा उपक्रम वर्षभराचा. वर्गाच्या एका खिडकीतून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या चौकोनाची कड दर सोमवारी ठरलेल्या वेळी खडूने आखा आणि तारीख लिहा. डिसेंबरअखेर ती कड मागे वळेल. मग मुलांना विचारा : नोव्हेंबरातल्या कोणत्या तारखेची रेघ फेब्रुवारीत पुन्हा गाठली जाईल? (दोन्ही वेळी घड्याळातली वेळ तीच ठेवली, तर थोडा फरक पडेल, भर दुपार ऋतूप्रमाणे पुढेमागे होते हे वर सांगितलेच आहे.)

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात थंड हवामानाचे प्रदेश सोडून इतरत्र भिंती व खिडक्यांवाटे आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली आहे, आणि किती खिडकी उघडती असावी याचेही किमान प्रमाण दिले आहे. नव्या इमारती त्याप्रमाणे बांधल्या जातील तेव्हा जातील. आपण राहतो ती घरे आणि शिकवतो ते वर्ग मात्र बांधून झाले आहेत. त्यांच्या भिंती आता फिरवता येणार नाहीत. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून एक चीक मात्र या रविवारीही टांगता येईल.